रंगून व्हाया पॅरीज कॉर्नर

चेन्नईच्या बीच स्टेशनजवळ एका गाडीवर रोज संध्याकाळी ब्रह्मदेश कालवला जातो. गाडी आईची, एक्सेल शीट मुलाची. आणि ही चव बरोबर आहे की नाही, हे सांगू शकणारी माणसं मात्र दर वर्षी थोडी कमी होत चाललीत...

खाउ स्वे आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. कझिनच्या रिसेप्शनला चाटच्या शेजारी त्याचा लाइव्ह काउंटर असतोच. बाउलमध्ये नूडल्स, त्यावर नारळाच्या दुधातली पिवळी करी, मग छोट्या छोट्या वाट्यांमधून तळलेला कांदा, लसूण, शेंगदाणे, लिंबू. जो तो आपापल्या मर्जीनं भेळ करून घेतो. सुरतेत त्याचा 'खावसा' झाला. मुंबईत २०१४मध्ये फोर्टला 'बर्मा बर्मा' सुरू झालं, पूर्ण शाकाहारी आणि दारूशिवाय, आणि चहाच्या आंबवलेल्या पानांचं सॅलड हा टीम लंचचा विषय झाला. थोडक्यात काय, बर्मीज इज इन!

पण मंडळी, हे खाणं त्याच्या पन्नासेक वर्षं आधीच आपल्या देशात बोटीतून उतरलंय. तेव्हा त्याला ना शेफ होता, ना पीआर एजन्सी. पत्र्याच्या ट्रंका घेऊन आलेल्या माणसांबरोबर ते मद्रासच्या बंदरात उतरलं, आणि बंदरासमोरच्या गल्लीत आजही रोज संध्याकाळी मिळतं.

चेन्नईला मी गेले होते एका वेगळ्याच असाइनमेंटसाठी. शुक्रवारी दुपारी काम उरकलं आणि अख्खा वीकेंड हातात आला. पुण्यात माझ्याबरोबर मास कॉम केलेली एक मैत्रीण तिथलीच. ती म्हणाली, "इडली-डोसा काय, तुला पुण्यातही मिळतो. चल, तुला अथो खायला घालते." त्या एका प्लेटमुळे माझा पूर्ण वीकेंड एकाच कुटुंबाच्या मागे मागे फिरण्यात गेला.

दोन कैदी आणि खूप साऱ्या बोटी

मंडाले म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षं लोकमान्य तिथल्या तुरुंगात होते, 'गीतारहस्य' तिथेच लिहिलं गेलं. उलट दिशेनं आला तो थिबा राजा. १८८५मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, त्याला आधी मद्रासला नेलं आणि १८८६मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१०मध्ये बांधून झालेला त्याचा राजवाडा आपण कोकण ट्रिपमध्ये बघतो, त्याच्यासमोर फोटो काढतो आणि आंबे घेऊन परत येतो. ब्रह्मी जेवण काही कोकणात रुजलं नाही. एखादा पदार्थ शेजाऱ्यांच्या ताटात जायचा तर एक राजवाडा पुरत नाही. त्याला वस्ती लागते, बाजार लागतो, रोजचं गिऱ्हाईक लागतं.

तमिळ लोकांकडे ते सगळं होतं. ब्रह्मदेश १९३७पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानातलाच एक प्रांत. चेट्टियार सावकार, गोदीतले हमाल, भाताच्या गिरण्यांमधले मजूर, कारकून, सगळे बंगालचा उपसागर ओलांडून कामाला जायचे. १९३१च्या जनगणनेत रंगून शहरातली निम्म्याहून जास्त माणसं हिंदुस्थानी होती!

मग दोन वेळा सगळं उलटलं. डिसेंबर १९४१मध्ये जपाननं रंगूनवर बॉम्ब टाकले आणि लाखो हिंदुस्थानी डोंगर-जंगलं तुडवत आसाम-मणिपूरच्या दिशेनं निघाले. युद्ध संपल्यावर त्यातले कितीतरी परत गेले. मग २ मार्च १९६२ला जनरल ने विननं सत्ता ताब्यात घेतली. बँका, गिरण्या, दुकानं सरकारजमा झाली. १९६४मध्ये पन्नास आणि शंभर क्याटच्या नोटा रद्द झाल्या आणि घरात साठवलेला पैसा कागद झाला. भारत सरकारनं बोटी पाठवल्या, आणि काही वर्षांत लाखाहून जास्त माणसं 'परत' आली. हे 'परत' सरकारी फायलीतलं. त्यातल्या कित्येकांचा जन्मच तिकडचा, त्यांनी मद्रास आधी पाहिलेलंही नव्हतं.

काहींना इथे करमलंच नाही. ते ईशान्येकडून पायी ब्रह्मदेशात शिरायला निघाले, सीमेवर अडकले आणि मणिपूरमधल्या मोरे गावात राहिले. भारताच्या त्या टोकाला तमिळ देवळं दिसतात ती त्यामुळे. बाकीचे मद्रासमध्ये हातपाय मारत राहिले. १९६९मध्ये बंदरासमोरच्या रस्त्याकडेला त्यांच्यासाठी छोट्या गाळ्यांचा बाजार उभा राहिला, तोच बर्मा बाजार. आपल्या मनीष मार्केटचा सख्खा भाऊ म्हणा. सेंट, कॅमेरे, मग व्हीसीआर, मग सीडी, आता मोबाइलची कव्हरं. आणि बाजार आला की त्याच्या मागोमाग खाण्याच्या गाड्या येणारच.

पाच वाजले की...

पॅरीज कॉर्नर म्हणजे चेन्नईचं फोर्ट. १८९२ची हायकोर्टाची लालभडक घुमटांची इमारत, पोस्टाचं मुख्यालय, बँका, शिपिंगवाल्यांची ऑफिसं. राजाजी सालै या मोठ्या रस्त्याला बर्मा बाजार, आणि त्याला समांतर आत जी गल्ली जाते तिचं नाव सेकंड लाइन बीच. नावात बीच असला तरी वाळूचा कण दिसत नाही. दिवसभर इथे फायली, पार्सलं आणि टू-व्हीलर्स. पाचच्या सुमारास एकेक गाडी लागायला सुरुवात होते.

आम्ही गेलो ती गाडी अक्काची. तमिळमध्ये अक्का म्हणजे मोठी बहीण, थोडक्यात आपलीच अक्का. साठी ओलांडलेल्या, केसात मोगरा, नाकात दोन्ही बाजूंना चमकी. गाडीवर स्टीलचा चकचकीत पत्रा, त्यावर नारिंगी नूडल्सचा डोंगर, बारीक चिरलेल्या कोबीचा दुसरा डोंगर, आणि एका बाजूला वाफाळतं पातेलं. दोन प्लास्टिकची स्टुलं, तीही आजारी आणि म्हाताऱ्यांसाठी. बाकीच्यांनी उभ्यानं खायचं.

आता अथो कसा होतो ते बघा. स्टीलच्या वाडग्यात मूठभर नूडल्स. त्यावर कच्चा कोबी, कच्चा कांदा, तळलेला कांदा. एक चमचा लसणाचं तेल, म्हणजे ज्यात लसूण तळून काढलाय ते. चिंचेचा कोळ, तिखट, मीठ, भाजलेल्या डाळ्याचं पीठ, कोथिंबीर, लिंबू. शेवटी 'बेजो' नावाची कुरकुरीत तळलेली चकती हातानं चुरडून. आणि मग अक्का उजव्या हाताची पाची बोटं त्यात घालून सगळं एकत्र करतात. एका प्लेटला जेमतेम मिनिट! हवं तर चिकन किंवा उकडलेलं अंडं वरून. सोबत केळीच्या गाभ्याचं गरमागरम सूप, हवं तितक्या वेळा.

पहिल्या घासाला आपल्याला आपली भेळ आठवते. आंबट, तिखट, कुरकुरीत, ओलं आणि कोरडं एकत्र. दुसऱ्या घासाला लसणाचं तेल वर येतं, डाळ्याच्या पिठाचा खमंगपणा जिभेवर बसतो, आणि भेळ मागे पडते. मग मसाला अंडं मागवायचं. उकडलेलं अंडं मधोमध चिरून त्यात तळलेला कांदा, लसूण, तिखट आणि चिंचेचं पाणी भरतात. अख्खं एका घासात तोंडात टाकायचं. फोटो आधी काढून घ्या, नंतर हात रिकामा राहत नाही.

आमच्या शेजारी काळ्या कोटातले दोन ज्युनियर वकील, एक बँकेचा आयडी गळ्यात अडकवलेले काका, आणि बंदरातून सुटलेले तिघं हमाल. मल्टिप्लेक्सच्या एका पॉपकॉर्नच्या पैशांत हे तिघं पोटभर खाऊन गेले.

'अथो' हा शब्द कुठून आला? ब्रह्मी भाषेत 'थोउक' म्हणजे हातानं एकत्र करणं, आणि तसं केलेला पदार्थ म्हणजे 'अथोउक'. इंग्रजी मेनूकार्डवर याचं 'सॅलड' होतं आणि सगळी मजा जाते. मराठीत नेमका शब्द आहे: कालवणं. आले कालवून, चहाची पानं कालवून, समोसे कुस्करून कालवून, तिकडे कशाचाही थोउक होतो. 'बेजो' हाही मूळचा 'पे-च्यॉ', म्हणजे तळलेली डाळ. तमिळ जिभेवर साठ वर्षं राहून शब्दांचे कोपरे घासले गेलेत इतकंच.

दुपारचं गणित

शनिवारी सकाळी मी अक्कांच्या घरी धडकले. घर व्यासरपाडीत, उत्तर चेन्नईत. ब्रह्मदेशातून आलेली बरीच कुटुंबं त्या भागात स्थिरावली. गाडी पाचला लागत असली तरी दुकान सकाळी सातलाच सुरू होतं.

आधी केळीचा गाभा. बाहेरची सालं सोलत सोलत आतला पांढरा दांडा काढायचा, त्याच्या चकत्या करायच्या. प्रत्येक चकतीबरोबर एक चिवट दोरा निघतो, तो बोटाला गुंडाळत ओढून घ्यायचा. मग चकत्या ताकाच्या पाण्यात, नाहीतर काळ्या पडतात. दीड तास हेच काम चाललं होतं. अक्का, त्यांची वहिनी आणि मी. माझ्या बोटाला गुंडाळलेला दोरा बघून दोघीही खूप हसल्या.

मग कांदा आणि लसूण तळणं. लसूण सोनेरी झाला की लगेच बाहेर, एक सेकंद उशीर झाला की तेल कडू आणि दिवस वाया. डाळं भाजून दळणं. बेजो तळणं. अंडी उकडणं. अंडी मोजताना अक्का एकदम वेगळ्याच भाषेत गेल्या: "तिट, न्हिट, थोन, ले, ङा..." ब्रह्मी आकडे! त्या रंगूनला जन्मल्या आणि १९६५ला आईच्या कडेवर बोटीत चढल्या. ब्रह्मी भाषा त्यांना येत नाही. पण त्यांची आई अंडी अशीच मोजायची, म्हणून त्याही तशीच मोजतात.

गाडी आईनं सुरू केली. आधी टोपलीत बेजो घेऊन बर्मा बाजारच्या गाळ्यांवर फिरायचं, मग एक स्टोव्ह, मग गाडी. गिऱ्हाईक तेव्हा सगळं आपलंच होतं, रंगूनहून आलेलं. ते बोलता बोलता नावं ठेवायचं, भांडायचं, पण रोज यायचं. हळूहळू बँकवाले आले, कोर्टवाले आले. आणि पातेल्यातून मासा गेला.

इथे जरा थांबूया, कारण खरी गोष्ट इथेच आहे. ते केळीच्या गाभ्याचं सूप मुळात 'मोहिंगा'चं. ब्रह्मदेशाचा हा सकाळचा नाश्ता, आपल्या पोह्यांइतका रोजचा. मागुरासारखा गोड्या पाण्यातला मासा उकडून, काटे काढून कुस्करायचा. त्यात गवती चहा, आलं, लसूण, हळद, केळीचा गाभा. भाजलेल्या तांदळाचं किंवा हरभऱ्याच्या डाळीचं पीठ लावून दाट करायचं आणि तांदळाच्या शेवयांवर ओतायचं. चेन्नईच्या गाडीवर यातला गाभा उरला. अक्कांच्या गाडीवरून तांदळाच्या शेवया गेल्या, मासा गेला, माशाचा आंबवलेला 'ङापी'ही गेला.

का? अक्कांचं उत्तर एकदम बिझनेस स्कूलमधलं. "मंगळवारी अर्धे लोक मांसमच्छी खात नाहीत, शुक्रवारी उरलेले. शनिवारी पेरुमाळचा उपास. अमावास्या. पुरट्टासीचा अख्खा महिना. वर शबरीमलाला जाणारे. एका पातेल्यात मासा घातला की हे सगळे शेजारच्या गाडीवर." पुरट्टासी म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमधला तमिळ महिना, त्यांचा श्रावण समजा. तेव्हा अंडीसुद्धा निम्मीच उकडायची. त्याच्या पाठोपाठ ईशान्य मान्सून, म्हणजे पाऊस. आणि उकडलेल्या नूडल्स दुसऱ्या दिवशी चालत नाहीत. आज किती किलो उकडायचं, हा अंदाज चुकला की नफा गटारात. आकाश, कॅलेंडर आणि बँकांच्या सुट्ट्या बघून अक्का दुपारी दोनला एक आकडा ठरवतात. कुठलंही अॅप नाही.

डोसा गेला, अथो आला

मग हे जेवण 'अस्सल' म्हणायचं की नाही? फूड व्हिडिओवाली पोरं हल्ली गाडीसमोर येऊन हेच विचारतात. माझ्या मैत्रिणीनं प्रश्न भाषांतरित केला तेव्हा अक्कांनी विचारलं, "म्हणजे शिळं नाही ना, असं विचारतायत का?"

गंमत अशी की हा प्रश्न खुद्द यांगून शहरातही सोपा नाही. (रंगूनचं यांगून आणि ब्रह्मदेशाचं म्यानमार १९८९मध्ये झालं.) तिथल्या टपरीवर काय काय मिळतं बघा. 'तोशे' म्हणजे आपला डोसा. 'पलाटा' म्हणजे पराठा. 'समुसा थोउक' म्हणजे समोसा कुस्करून त्यात कोबी-कांदा कालवलेला. 'दानबाउक' म्हणजे बिर्याणी, शब्द सरळ 'दमपुख्त'वरून. आणि कंडेन्स्ड मिल्क घातलेला कडक चहा. हे सगळं नेलं कुणी? इथूनच गेलेल्या माणसांनी. त्यांनी तिकडे डोसा विकला आणि तो तिकडचा झाला. मग तीच माणसं हाकलली गेली आणि येताना अथो घेऊन आली, तो इकडचा झाला. एकाच बोटीच्या दोन फेऱ्या. कस्टमवाल्यांनी सोनं-नाणं मोजून घेतलं, कालवायचा हात काढून घेता आला नाही.

त्या हातावरूनही घरात वाद आहे. कोविडनंतर गिऱ्हाइकं विचारायला लागली, "ग्लोव्ह्ज?" अक्कांनी आठ दिवस घालून पाहिले. "रबरातून मीठ कळत नाही," एवढंच म्हणाल्या आणि काढून टाकले. आता गाडीला क्यूआर कोड लावलाय. नोटांना हात लागतच नाही, त्यामुळे उजवा हात फक्त नूडल्ससाठी. दर दहा मिनिटांनी धुतात, सगळ्यांना दिसेल असा, रस्त्याच्या बाजूला उभं राहून.

एक्सेल शीट

अक्कांचा मुलगा तिशीचा. ओएमआरवरच्या, म्हणजे चेन्नईच्या हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत. आपल्यातलाच एक. वीकेंडला गाडीवर येतो, बाह्या सरसावून डिशेस धुतो, आणि डोक्यात एकच प्लॅन: प्रॉपर रेस्टॉरंट. चोवीस सीट्स, एसी, लाकडी टेबलं. मेनूवर मासा घातलेला मोहिंगा, नारळाच्या दुधातला ओन्नो खाउ स्वे आणि लाफेट थोउक, म्हणजे तेच चहाच्या पानांचं सॅलड. शनिवारी रात्री गाडी बंद झाल्यावर त्यानं मला लॅपटॉपवर शीट दाखवली. डिपॉझिट, भाडं, फ्रीझर, दोन कुक, सहा महिने तोट्यात चालवायचे पैसे. सगळं नीट मांडलेलं. "लोक ब्रह्मी जेवणासाठी भरपूर पैसे मोजतात, आणि माझी आई ते पॉपकॉर्नच्या भावात विकते," तो म्हणाला. चूक काय आहे त्याचं?

अक्कांचा आक्षेप पैशांवर नव्हता. "चोवीस प्लेटा मी कालवीन. तू कुक ठेवशील, त्याला कोण शिकवणार? मला जे येतं ते गाडीचं येतं. तुझ्या मेनूवरचं अर्धं मी खाल्लेलंही नाही."

हे शब्दशः खरं होतं. मुलानं बॅगेतून एक पाकीट काढलं. बँकॉकहून येणाऱ्या मित्राकडून मागवलेलं लाफेट. चहाची कोवळी पानं वाफवून, दाबून, महिनोन् महिने आंबवलेली. मिट्ट हिरवी, तेलकट. त्यानं त्यात गाडीवरचाच तळलेला लसूण, शेंगदाणे, तीळ आणि कोबी घातला आणि वाडगा आईपुढे केला. अक्कांनी कालवलं, एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या. कडवट, आंबट, थोडंसं तुरट. मला तर भयंकर आवडलं. अक्का म्हणाल्या, "आई ह्याच्याबद्दल बोलायची. चांगलंय. पण ही आईची आठवण आहे रे, माझी नाही." आणि वाडगा माझ्याकडे सरकवला.

आईला जाऊन आठ वर्षं झाली. २०२०मध्ये अक्का आणि मुलगा पहिल्यांदाच रंगूनला जाणार होते, आईचं घर होतं ती गल्ली बघायला. आधी कोविड आला. मग १ फेब्रुवारी २०२१ला तिथे पुन्हा लष्करानं सत्ता घेतली आणि देश यादवीत गेला. पासपोर्ट नवाकोरा कपाटात आहे.

रविवारचा मासा

मग मधला मार्ग निघाला तो रविवारचा. रविवारी कोर्ट बंद, बँका बंद, गाडी लावली तर तोटाच. मुलानं सुचवलं, त्या दिवशी घरीच करूया. सकाळी सात ते दहा, अंगणात, बारा खुर्च्या. मासा घातलेला मोहिंगा, आदल्या दिवशी फोन करून सांगितलं असेल तितकाच. चार महिने झाले. बोर्ड नाही, इन्स्टा पेज नाही. गिऱ्हाईक म्हणजे गल्लीतलेच म्हातारे-म्हाताऱ्या, हातात डबा घेऊन येणारी नातवंडं, आणि त्या रविवारी मी आणि माझी मैत्रीण.

कृती आईच्या वहीत नाही, कारण वहीच नाही. अक्कांना आठवतोय तो वास, आणि तोही लहानपणीचा. म्हणून दर रविवारी पहिला वाडगा गल्लीतल्या एका आजींना जातो. नव्वदीला टेकलेल्या. त्या बोटीत चढल्या तेव्हा तीन मुलांच्या आई होत्या, रंगूनला रोज सकाळी स्वतःच्या हातानं मोहिंगा करायच्या. अशा आजी-आजोबांची संख्या या गल्लीत पहिल्या रविवारी पाच होती. आता चार आहे.

मुलगा म्हणाला, "रेस्टॉरंट मी दोन वर्षांनी पण काढू शकतो. हे चौघं दोन वर्षं थांबतील का?" शीटमध्ये या गोष्टीसाठी कॉलम नव्हता, तो त्यानं नंतर टाकलाय. नाव दिलंय 'आजी'. दर रविवारी काय सांगितलं ते तारखेसकट त्यात लिहितो. "गवती चहा जास्त." "आल्यानं तोंड भाजलं." "पीठ कच्चं." एका रविवारी नुसतं "हं".

आम्ही गेलो त्या दिवशी आजींनी चमच्यानं रस्सा उचलून आधी नाकाशी नेला. मग एक घोट. अंगणात सगळे गप्प. अक्का पदराला हात पुसत उभ्या, वीस वर्षांची मुलगी रिझल्टला उभी राहावी तशा. आजींनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, आणि मग तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या. मैत्रिणीनं माझ्या कानात भाषांतर केलं: "मासा बरोबर. पण पाणी दहा मिनिटं आधी उतरवलंस. घाई कसली होती?"

मुलानं लगेच फोन काढला आणि लिहून घेतलं. अक्कांनी आजींचा वाडगा पुन्हा भरला.

जाणार असाल तर...

कसं जाल: चेन्नई एअरपोर्टवरून मेट्रोची ब्लू लाइन पकडा आणि हायकोर्ट किंवा मन्नाडी स्टेशनला उतरा, पुढे चालत. लोकलनं येत असाल तर चेन्नई बीच स्टेशन. कुणालाही 'बर्मा बाजार' विचारा, मग 'अथो' विचारा.

केव्हा: संध्याकाळी पाचनंतर, सोमवार ते शनिवार. ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे, तेव्हा छत्री आणि नशीब दोन्ही लागतं.

काय मागाल: एक अथो, एक मसाला अंडं, जादा बेजो. सूप मागायला लाजू नका. तिखट कमी हवं असेल तर कालवायच्या आधीच सांगा, नंतर इलाज नाही.

काय विचारू नका: "ऑथेंटिक आहे का?" त्यापेक्षा "तुमच्या घरचं कोण आलं होतं बोटीनं?" असं विचारा. गर्दी नसेल तर उत्तर मिळेल, आणि बहुतेक एक बेजो फुकट.